डाव्या पायाची शीर

नगर

जिल्ह्याचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्याही बदलल्या, पण पुण्याच्या स्टँडवर मी 'अहिल्यानगर एक' म्हटलं तेव्हा कंडक्टरनं मशीनवर बोट ठेवत "नगरच ना?" असं विचारून घेतलंच. मी हो म्हटलं आणि मला बरं वाटलं. माझं नर्सिंगचं शिक्षण नगरला झालं. त्या तीन वर्षांत मी जितकी हसले तितकी पुढं कधी हसले नाही, त्यामुळं माझ्या तोंडात ते नगरच राहणार.

चार महिन्यांपूर्वी मी पुण्याच्या एका हृदयरोगाच्या हॉस्पिटलातून निवृत्त झाले. तिथं मी तीसेक वर्षं एकच काम केलं. बायपास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर छाती येते. पण तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून नवा रस्ता बांधायचा, तर त्यासाठी नळी लागते. ती पेशंटच्याच पायातून काढतात. घोट्यापासून जांघेपर्यंत आतल्या बाजूनं एक लांब शीर जाते, ती. टेबलाच्या वरच्या अंगाला मोठे डॉक्टर छाती उघडत असायचे, तेव्हा खाली पायाशी मी शीर सोडवत असायचे. लागले नर्स म्हणून, पुढं सर्जनच्या हाताखाली शिकत शिकत हे काम माझंच झालं. घरी कुणी विचारलं की मी म्हणायचे, मी पायाकडची.

नगरच्या एका हॉस्पिटलानं आता शीर काढायची दुर्बीण घेतली होती. तिथल्या तरुण सर्जन डॉक्टर केतकी यांनी ते काम पुस्तकात आणि व्हिडिओत पाहिलं होतं, हातानं केलेलं नव्हतं. त्यांनी फोन केला, "सिस्टर, पहिल्या केसला तुम्ही शेजारी उभ्या राहाल का?" मी लगेच पिशवी भरली.

उतरले मनोरमाताईकडे. ही माझी थोरली मावसबहीण. तिनं दारातच दोन्ही हात हातात घेऊन "सलाम" केला. आम्हा ख्रिस्ती घरांतला हा जुना रिवाज. पुण्यात आता आमची मुलं 'हाय' म्हणतात, त्यामुळं तो शब्द कानावर पडल्यावर मी क्षणभर दारातच उभी राहिले. रात्रीच्या जेवणाला हुलग्याचे शेंगोळे होते. लसूण-मिरचीच्या रश्श्यात शिजलेली ती पिठाची वळी पहिल्या घासाला जीभ भाजते, आणि थंडीत नगरकराला तेच हवं असतं. "पुण्यात मिळतात का गं असे?" ताईनं विचारलं. मिळतात, पण ते गोडसर करतात. हे सांगितल्यावर ती एवढी खूश झाली की तिनं मला तिसऱ्यांदा वाढलं.

सकाळी हॉस्पिटलला जायच्या आधी मी मुद्दाम आमच्या जुन्या होस्टेलवरून गेले. गुलमोहर तोडलेला होता. त्याच्या खाली आम्ही सहाजणी एकमेकींच्या दंडावर शिरा शोधायचा सराव करायचो. माझी शीर सगळ्यांना सापडायची, म्हणून मला कुणी सुट्टी द्यायचं नाही. फाटकापाशी वॉचमन होता. "कोन पाहिजे?" त्यानं विचारलं. मला त्या बाकीच्या पाचजणी पाहिजे होत्या. मी हसून पुढं निघाले.

पेशंट शेवगावकडचे निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. त्यांना टेबलावर घेतल्यावर केतकीनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे सोनोग्राफीचा लहानसा प्रोब मांडीवरून फिरवत पेननं कातडीवर रेघ ओढली. शीर नेमकी कुठून जाते, किती खोल आहे, कुठं फाटे फुटतात, सगळं कातडीवर उमटलं. मी ती रेघ बघत राहिले.

"पूर्वी कसं कळायचं, सिस्टर?"

"बोटानं. घोट्याच्या हाडापुढं सापडायची, तिथून अंदाजानं वर जायचं."

गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन बोटांएवढा छेद घेतला. त्यातून दुर्बिणीची दांडी आत गेली, वायू सोडून कातडीखाली पोकळी झाली, आणि पडद्यावर एक लांब गुलाबी बोगदा दिसायला लागला. मधोमध शीर. तिच्या बारीक फांद्या एकेक करून डागायच्या, तोडायच्या आणि पुढं सरकायचं. केतकीचा हात हलका होता. मांडीच्या मध्यावर एक फांदी सुटली आणि पडदा लाल झाला.

"उघडू का?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता. उघडायचं म्हणजे जुन्या पद्धतीनं पाय चिरायचा.

"थांब. बाहेरून दाब आणि मोज." डॉक्टरांना अहोजाहो करायचं मी विसरले. माझा हात तिच्या हातावर होता. आम्ही दोघींनी मिळून दोनशेपर्यंत मोजलं. छातीकडचे मोठे डॉक्टर एकदा डोकावले आणि परत आपल्या कामाला लागले. पडदा हळूहळू निवळला.

शीर बाहेर आली तेव्हा ओल्या सुतळीएवढी, पांढरट, लांबलचक. केतकीनं तिच्यात सिरिंजनं पाणी भरून पाहिलं. एका जागी बारीक कारंजं उडालं, तिथं केसासारख्या धाग्याचा टाका घातला. खालचं टोक कुठलं याची खूण केली. शिरेला आत झडपा असतात, ती उलटी जोडावी लागते, ते टोक विसरून चालत नाही. मग ती शीर छातीकडे गेली आणि आमचं काम संपलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरदादा आयसीयूत उशीला टेकून बसले होते. पायावर तीन लहान पट्ट्या. "पायाचं ऱ्हायलं काय ओ करायचं?" त्यांनी विचारलं. केतकी खळखळून हसली. मीही हसले, पण नजर त्या तीन पट्ट्यांवरच राहिली.

कॅन्टीनमध्ये चहा घेताना केतकी म्हणाली, "सिस्टर, एवढ्या वर्षांत तुमचा हात कधी चुकला?"

"चुकतो सगळ्यांचाच," मी म्हटलं आणि बिस्किटाचा पुडा तिच्यापुढं सरकवला. पण त्याच संध्याकाळी मी जामखेडला फोन लावला.

कड्याच्या पुढं

नगरहून जामखेडला जाणारी एसटी वाटेत जिल्हा सोडते. कडा आणि आष्टी ही गावं बीडची, मग पुन्हा जामखेड नगरचं. बाहेरची हिरवळ कमी होत जाते, ऊस संपतो, लांबवर ज्वारीच लागते. गाडीतली भाषाही बदलते. माझ्या शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली मागून घेतली, अर्धी संपवली आणि परत देताना विचारलं, "कुनाकडं निगाल्या?" पुण्यात एवढं पाणी पिऊन असं कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "जुन्या पेशंटकडं." तिनं समजल्यासारखी मान हलवली.

तो पेशंट म्हणजे दत्तोबा. सव्वीस वर्षांपूर्वी मी कुणाच्या मदतीशिवाय काढलेली पहिली शीर त्यांच्या डाव्या पायाची. तेव्हा ते पन्नाशीचे होते, मी बत्तीस वर्षांची. छातीचं काम उत्तम झालं. सहाव्या दिवशी गुडघ्याजवळची जखम उसवली, मग कातडी काळी पडली, मग पू. पुढं चाळीस दिवस ते वॉर्डात होते आणि रोज सकाळी त्यांचं ड्रेसिंग मी करायचे. ते ओठ दाबून छताकडे बघायचे आणि मला ज्वारीच्या जाती सांगायचे. दगडी, मालदांडी, गूळभेंडी. हुरडा कुठल्या ज्वारीचा गोड हे मला त्या चाळीस दिवसांत पाठ झालं.

त्यांची बायको कौसाबाई पलंगाखाली चटई टाकून राहायची. जखम उसवायच्या आधी संक्रांत होऊन गेली होती. सणाचा घास नवऱ्याच्या तोंडात पडावा म्हणून तिनं त्यांना एक तिळाचा लाडू दिला होता. दत्तोबांना शुगर. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी जखम पाहिली, लाडवाचं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि सगळ्या वॉर्डासमोर ते तिच्यावर ओरडले, "तुम्ही नवऱ्याचा पाय घालवाल!" ती पदर तोंडाला लावून उभी होती. मी तिच्या शेजारी ड्रेसिंगचा ट्रे धरून उभी होते.

मला माहीत होतं काय झालं ते. गुडघ्याच्या वर माझा अंदाज चुकला होता. मी दोन बोटं बाजूला कापलं आणि शीर सापडेना, तेव्हा नवा छेद घ्यायची लाज वाटली म्हणून कातडी खालून उकलत उकलत तिच्यापर्यंत पोचले. अशी उकललेली कातडी खालच्या रक्ताला मुकते. ती मरते. परवा केतकीला हे शिकवताना मी चार वेळा बजावलं, पण त्या दिवशी ट्रे हातात धरून मी गप्प राहिले. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग ते घरी गेले.

दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत दत्तोबांचा फोन यायचा. "शिष्टर, आगटी पेटवतोय, या." दरवर्षी मला ड्यूटी असायची. काही वेळा खरंच असायची.

खर्ड्याच्या रस्त्यावरची वस्ती

जामखेडहून खर्ड्याकडे जाणाऱ्या जीपमधून मी एक फाटा आधीच उतरले. चूक कळेपर्यंत जीप गेली होती. ज्वारीच्या दोन उंच भिंतींमधून पाऊलवाटेनं निघाले, अर्ध्यात चपलेचा अंगठा तुटला. ढेकळांतून एक चप्पल पायात आणि एक हातात अशी मी वस्तीवर पोचले. लिंबाखाली खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्यानं कपाळावर हात धरून पाहिलं आणि ओरडला, "आगं, शिष्टर आली! आनवानी आली!"

दत्तोबा वाळले होते, दात थोडे उरले होते, पण आवाज तोच. कौसाबाई चुलीपासून उठून आली. तिनं माझ्याकडं आधी नीट पाहिलं, मग हातातली चप्पल घेतली, ब्लाउजची पिन काढून अंगठा अडकवला आणि परत देत म्हणाली, "लई पिकलीस गं."

"तुम्ही नाही पिकलात?"

"म्या कवाच पिकले," ती म्हणाली. हसली नाही.

शेतातल्या खड्ड्यात आगटी पेटली. कणसं निखाऱ्यात खुपसायची, भाजली की तळहातांवर चोळायची, दाणे फुंकून कागदावर टाकायचे. सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, ताक. पुणेकर हल्ली हुरड्याला जातात तेव्हा तिथं झोके आणि बैलगाडी असते. इथं फक्त धूर होता, आणि तो माझ्या नि दत्तोबांच्या डोळ्यांत सारखाच जात होता. पहिली मूठ तोंडात टाकली आणि चाळीस दिवस ऐकलेली चव मला सव्वीस वर्षांनी कळली. कोवळी, दुधाळ, जराशी धुरकट.

"गूळभेंडी," मी म्हटलं.

"बघा! ध्येनात हाय!" दत्तोबांनी मांडी थोपटली. पाय पुढं सरकला, धोतर वर गेलं आणि मला तो पाय दिसला. घोट्यापासून वर गेलेली माझी रेघ पांढरी पडली होती. गुडघ्याजवळ ती रुंद आणि खोलगट होती. पण पोटरीच्या आतल्या बाजूला एक ओली, ताजी भाजल्याची जखम होती.

"हे कधी झालं?"

"परवा. हितंच. निखारा पडला, कळलंच न्हाई. कातडं जळाल्याचा वास आला तवा वाटलं, कनीस करपलं."

पर्समध्ये मी अजूनही गॉज आणि चिकटपट्टी ठेवते, ती सवय जात नाही. जखम धुतली, झाकली. मग कापसाची एक वात वळली, दत्तोबांना डोळे मिटायला सांगितले आणि घोट्यापासून पायावर टेकवत वर निघाले.

"इथं कळतंय?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई."

"इथं?"

"तुमी लावताय का नुसतंच इचारताय?"

घोट्यापासून गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत, आतली सगळी बाजू बधिर होती. शिरेला चिकटून तिथं एक बारीक मज्जातंतू जातो. शीर सोडवताना तोही दुखावला की असं होतं. अनेक पायांना होतं. आम्ही टाके बघायचो, सूज बघायचो, ताप बघायचो. बधिर जागेबद्दल घरच्यांना सांगितल्याचं मला आठवत नाही. जिथं दत्तोबांना कळायला लागलं तिथं मी पेननं खूण करत गेले आणि खुणा जोडल्या. कौसाबाईला जवळ बोलावलं. "ह्या रेघेच्या आतलं त्यांना कळत नाही. काटा, चटका, काही नाही. रोज संध्याकाळी तुम्ही डोळ्यांनी बघायचं."

तिनं रेघेवरून एक बोट फिरवलं. "ह्येबी लाडवानंच का गं?"

मी पेनचं टोपण शोधायला लागले. ते माझ्या मांडीवरच होतं.

"न्हाई म्हंजी, येवढं कळलं म्हंजी झालं," ती म्हणाली. "सासू मरंपातूर म्हनायची, हिनं लाडू चारून नवऱ्याचा पाय नासवला. भावकी म्हनायची. त्या सालापासून ह्या घरात तीळ आला न्हाई. लोकांच्या घरचा तिळगूळबी म्या दारातनं मागं लावते."

"कौसाबाई, लाडवानं काहीच झालं नाही. माझ्यामुळं झालं."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी दत्तोबांच्या पायावरच दाखवलं. शीर इथून जात होती, मी इथं कापलं. मग लाज वाटली म्हणून कातडी अशी उकलत नेली, ती कातडी मेली. शुगरमुळं भरायला वेळ लागला असेल, पण उसवली ती माझ्या हातानं. "डॉक्टर तुम्हाला बोलले तेव्हा मी शेजारी होते. मला तेव्हाच माहीत होतं."

आगटीत ज्वारीचं एक ताट फुटलं आणि ठिणग्या उडाल्या. दत्तोबांनी खाकरून घसा साफ केला. "जाऊंद्या, शिष्टर. जीव तर वाचला न्हवं. सव्वीस वर्सं खाल्ली म्या त्या शिरंवर."

"तुमी गप बसा," कौसाबाई म्हणाली. "पाय तुमचा हुता. बोलनी म्या खाल्ली."

ती उठली, विळा उचलला आणि ज्वारीत शिरली. थोड्या वेळानं ताटं कापल्याचा आवाज यायला लागला. कणसं पुरेशी होती, आणखी नको होती. दत्तोबांनी माझ्यापुढं हुरड्याची मूठ धरली. मी घेतली, ती माझ्या मुठीतच राहिली. आम्ही दोघं तो आवाज ऐकत बसलो. ते एकदाच म्हणाले, "म्या तिला कदी बोललो न्हाई लाडवाचं. पर बोलू नगा असंबी कुनाला म्हनलो न्हाई."

ऊन कलायला लागलं तसं मला निघायला हवं होतं. दत्तोबांच्या पायाला हात लावून निरोप घेतला. आमच्यात तशी रीत नाही, पण माझा हात गेला. वाटेला लागले तर कौसाबाई ज्वारीतून बाहेर आली आणि पुढं चालायला लागली. मला फाट्यापर्यंत सोडायला. तिची चाल भरभर, मी पिनेच्या चपलेनं मागं. डांबरी लागेपर्यंत तसंच.

फाट्यावर ती थांबली. पदरानं मान पुसली.

"तवाच का न्हाई सांगितलंस?"

"भ्याले. नोकरी जाईल वाटलं. आणि लाज."

"म्या तुला रोज च्या आनून द्यायची. चाळीस रोज."

"हो."

"तवा सांगितलं असतंस तर चार शिव्या घातल्या असत्या तुला. दोन रोज बोललेबी नसते. मग झालं असतं मोकळं." ती रस्त्याकडे बघत होती. "आता कुटं न्यायच्या त्या शिव्या? सासू गेली. भावकीतलीबी निम्मी गेली. तू आलीस तर चप्पल तुटलेली, डोकं पिकलेलं."

"आता घाला," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी थट्टा करते आहे का ते तिनं पाहून घेतलं. मग रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. कुणी नव्हतं. पदर नीट केला आणि माझ्या डोळ्यांत बघून तिनं एक शिवी घातली. एकच. ती इथं लिहिता येणार नाही. त्यात माझा हात होता, माझं शिक्षण होतं आणि माझ्या माहेराचं सगळं घराणं होतं. तीस वर्षांत किती तरी लोकांनी माझे आभार मानले. त्यातलं एकही वाक्य मला इतकं अक्षर न् अक्षर आठवत नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. तिचा श्वास जोरात चालला होता, एखादं ओझं डोक्यावरून उतरवल्यावर चालतो तसा. दूर जीप दिसायला लागली.

"तीन ऱ्हायल्या," कौसाबाई म्हणाली. "त्या फुडल्या हुरड्याला."

आणि जीप यायचीही वाट न बघता ती पाठ फिरवून वस्तीकडे चालायला लागली.